भलं करणाऱ्याच्या हातातला वस्तरा

बाई, तुम्ही गेल्यावर आमच्या घरी काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्यातलं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. नाशिक रोडच्या या खोलीत संध्याकाळी गाड्यांचे आवाज सोडले तर दुसरं काही नसतं. मी तुमच्याच विषयाची शिक्षिका झाले, तुमच्यासारखीच एकटी राहिले, आता निवृत्त झाले आहे, पण तुमच्याकडे येणारी-जाणारी माणसं होती, माझ्याकडे फारशी येत नाहीत. गेल्या आठवड्यात शाळेतल्या दोन मुली आल्या होत्या. वादविवाद स्पर्धेचा विषय मिळालाय म्हणाल्या, ‘दारूबंदी असावी की नसावी’. मुद्दे सांगा म्हणाल्या. मी सांगितले. त्या गेल्यावर मात्र मला तो अडतीस सालचा उन्हाळा आठवत राहिला.

तेव्हा प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं होतं आणि दारूबंदी येणार, येणार म्हणून गावात नुसता उत्साह होता. मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे आताच्या नववीत. वाचनालयाच्या दिवाणखान्यात त्या विषयावर सभा होती आणि बोलणाऱ्यांत तुमचं नाव होतं, म्हणून आम्ही मुली पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसलो होतो. तुम्ही काय बोलणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कायदेभंगाच्या चळवळीत तुम्ही भद्रकालीतल्या दारूच्या गुत्त्यासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या, एक पिणारा तुमच्या पदरावर थुंकला तरी न हललेल्या, त्यापायी तुरुंगात जाऊन आलेल्या. तुमच्या आधी एक वकील बोलले, एक डॉक्टर बोलले, टाळ्या झाल्या. मग तुम्ही उठलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, “मी दारूच्या विरुद्ध आहे, आणि या कायद्याच्याही विरुद्ध आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही म्हणालात, “मी गुत्त्यासमोर उभी राहिले ती हात जोडून. समोरचा माणूस मला ओलांडून आत जाऊ शकत होता, आणि काही गेलेही. जे परत फिरले ते आपल्या पायांनी फिरले. आता माझ्या जागी पोलीस उभा राहणार. त्याला मी माझा विजय कसा म्हणू?” कुणीतरी मागून ओरडलं, “मग काय लोकांनी मरावं?” त्यावर तुम्ही घाटाचं उदाहरण दिलंत. गोदेच्या घाटावर साधू चिलीम ओढतो त्याला आपण नमस्कार करतो, वर दक्षिणा ठेवतो. आणि दिवसभर घण मारून थकलेला तांबट पेला घेतो त्याला कोठडी. हा न्याय कुठला? आणि मग तुमचा आवाज खाली आला. तुम्ही म्हणालात, “माझा नवरा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मी काय खावं, काय नेसावं, कुठं बसावं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझ्या भल्यासाठी ठरवलं. माझे केस काढले तेही माझ्या भल्यासाठीच. त्यात कुणी दुष्ट नव्हतं हो. माझी आजी तर रडत होती. पण तेव्हापासून भलं करणाऱ्याच्या हातात वस्तरा दिसला की मला भीती वाटते.”

एरवी मी त्या वाक्यावर रडले असते. पण घरी आईच्या उजव्या हाताला फळी बांधलेली होती. माझे वडील तांबट आळीत काम करत. हंडे, घागरी घडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असं लोक म्हणत, आणि पिण्यातही. आईचा हात त्यांनी दाराच्या चौकटीवर आपटला होता. मी कशी उभी राहिले मला अजून समजत नाही. मी म्हणाले, “बाई, माझा बाप पितो ते त्याचं स्वातंत्र्य. मग माझ्या आईचा हात मोडला ते कुणाचं स्वातंत्र्य?” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सगळे तुमच्या उत्तराची वाट पाहत होते. तुम्ही खाली बसलात, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. वकीलसाहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या टाळ्यांतली एकही माझ्या आईसाठी नव्हती, त्या तुम्हाला खाली बसवल्याच्या होत्या, एवढं त्या वयातही मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावलंत. मी मान खाली घालून उभी. तुम्ही म्हणालात, “काल तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मला उत्तर आलं नाही, म्हणून बसले. पण भर सभेत ‘माझा बाप’ म्हणालीस. वडील म्हणायचं. कसेही असले तरी.” एवढंच. मग माझ्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर बोलू लागलात, जणू काही झालंच नव्हतं.

आणि रविवारी सकाळी तुम्ही आमच्या दारात. आई एका हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करतेय, पीठ परातीबाहेर सांडतंय, चुलीचा धूर घरभर कोंडलाय. वडील कामावर. तुम्हाला पाहून ती इतकी गडबडली की उठताना तिचा पाय पाण्याच्या तांब्याला लागला. तुम्ही पदर खोचलात, तिच्या समोरून परात ओढून घेतलीत आणि भाकरी थापायला बसलात. “अहो बाई, आमच्या चुलीपाशी तुम्ही…” आई म्हणाली. “का? माझी भाकरी फुगत नाही असं ऐकलंत की काय?” तुम्ही म्हणालात. आई हसली. कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तुम्ही विचारलंत, “सभेत सगळे बोलले. मी बोलले, तुमची लेक बोलली. तुम्हाला काय हवंय ते कुणी विचारलं नाही. काय हवंय?”

आईला असा प्रश्न यापूर्वी कोणी विचारलेला नव्हता. डाव्या हातानं तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “त्यांनी प्यावं का नाय, ते त्यांनी नि सरकारनं बघून घ्यावं. ते पिऊन आले का मला दुसरीकडं जायला कुठं नाय. जागा असावी, एवढंच.”

“आहे,” तुम्ही म्हणालात.

ऊन उतरायच्या आत आम्ही तिघी पूल ओलांडून पंचवटीत तुमच्या दोन खोल्यांत आलो. आईच्या डोक्यावर बोचकं, माझ्या काखेत दप्तर, आणि तुम्ही पुढे, नेहमीसारख्या भरभर चालणाऱ्या. तुमचे घरमालक यात्रेकरूंचे पूजापाठ करणारे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुचवून पाहिलं की यात्रेकरूंची गर्दी वाढलीय, जागेची अडचण होईल. तुम्ही म्हणालात, “माझ्या खोलीत मला अडचण होत नाही.” शाळेच्या चालकांनीही बोलावून घेतलं. त्या सभेचा राग होताच, त्यात ही भर. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. पण नंतर वरच्या वर्गाऐवजी तुम्ही धाकट्या मुलींना अक्षरं शिकवताना दिसायला लागलात, आणि शिक्षकांच्या खोलीत तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. गावातून जाताना लोक तुम्हाला नमस्कार करायचं थांबले होते. तुम्ही मात्र सगळ्यांना करत होता.

तीन-चार दिवसांनी वडील आले. पूर्ण शुद्धीत, धुतलेलं धोतर, केसांना पाणी लावलेलं. अंगणात उभे राहून म्हणाले, “बाई, माझी माणसं न्यायला आलोय.”

“इथं दोन माणसं आहेत. त्यांना विचारा,” तुम्ही म्हणालात.

आतून आईचा आवाज आला, “मी यायची नाय.” तिच्या तोंडून वडिलांना दिलेला नकार मी प्रथमच ऐकत होते. मला वाटलं, आता ते आरडाओरडा करतील. पण ते पायरीवर खाली बसले. मोठी, घट्टे पडलेली बोटं त्यांनी एकमेकांत गुंतवली. मग म्हणाले, “बाई, तुम्ही सभेत माझ्या बाजूनं बोलल्या म्हणं.”

“हो.”

“कशापायी बोलल्या?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट फाटला. “दुकान उघडं असलं का पाय तिकडंच जातेत. माझं मी वळवायला जातो, वळत नाय. तुम्ही म्हणता माझ्या पायानं परत फिरावं. अहो, हे पाय माझे कुठं ऱ्हायले? दुकान बंद करा म्हणावं. मला बांधून घाला. मीच सांगतो ना!”

तुम्ही दारात उभ्या होता. सभेत चष्मा पुसून बोलणाऱ्या तुम्ही, आणि आता हातात चष्मा तसाच. वडील डोळे पुसत निघून गेले. मग आत येऊन चटईवर बसलात आणि आईला नाही, मलाही नाही, भिंतीला सांगावं तसं म्हणालात, “यांना मी विचारलंच नव्हतं.” त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. त्यानंतर तुमचं मत बदललं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला वेळ आहे असं वाटलं.

वेळ नव्हता. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला. आई उशाशी, मी पायथ्याशी. तापात तुम्ही मुलींची हजेरी घेत होता, आणि मी प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणत होते. तुम्हाला नेलं तेव्हा घाटावर फार थोडी माणसं होती. बंदी गुत्त्यापर्यंत पोचायच्या आतच मंत्रिमंडळ गेलं. वडील पीत राहिले, आई वेगळी राहून, शिवणकाम करून मला शिकवत राहिली.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं. स्वातंत्र्य आलं आणि मग बंदी खरोखरच आली. गुत्त्याला कुलूप लागलं. वडील काही दिवस तापानं फणफणल्यासारखे थरथरत पडून होते. मग उठले, कामावर गेले, आणि एका संध्याकाळी आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. आई त्यांच्याकडे परत गेली. ते काही महिने! आई मरेपर्यंत त्याच महिन्यांबद्दल बोलायची. दोघं मिळून देवळात गेली, वडिलांनी तिला तपेली घडवून दिली, तिनं केलेली आमटी चांगली झाली असं म्हणाले. साऱ्या संसारात तिला मिळालं ते तेवढंच, आणि ते कायद्यानं दिलं. मग सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीची यायला लागली. वडिलांना एकदा पोलिसांनी धरलं, आळीतून हाताला दोरी बांधून नेलं. ते परतले ते मान वर न करणारे होऊन. त्यांचा हात कामावर पुन्हा बसला नाही, आणि ते त्या भट्टीच्या दारूनंच गेले. म्हणजे तुम्हीही बरोबर होता, आणि आईचा गजराही खोटा नव्हता. या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या ते तुम्ही आम्हाला व्याकरणात शिकवलं नाहीत.

त्या मुलींना मी बंदीच्या बाजूचेच मुद्दे दिले, ठासून दिले. आयुष्यभर मी त्याच बाजूनं बोलत आले आहे. हे पत्र लिहून झालं की पेटीत ठेवेन, कुठं पाठवणार? फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. संध्याकाळी दिवा लावला की मी माझेच मुद्दे खोडून काढते, अगदी मोठ्यानं, तुमच्या आवाजात. तुमचं पटतं म्हणून नव्हे. तेवढा वेळ खोलीत दुसरं कोणीतरी असतं.