सहा लेगहॉर्न आणि अंथरुणाचा प्रश्न

२ सप्टेंबर १९५६, रविवार. पांढुर्णा.
ब्लॉक ऑफिसातून सहा लेगहॉर्न कोंबड्या मिळाल्या. पांढऱ्याशुभ्र, चालीला थेट ऑफिसर. आमच्या घरात अंडं शिजत नाही, पण देशकार्याला विटाळ नसतो. ३१ ऑक्टोबरला नागपूरचे साहेब इन्स्पेक्शनला येणार. ज्या क्लार्कचं खुराडं उत्तम, त्याचं नाव नागपूरच्या डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी जाणार. १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाईल, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहील, राजधानी भोपाळ. तिथं माझं मराठी ड्राफ्टिंग कोण वाचणार? मला नागपूरला पोचलंच पाहिजे. नलिनीला म्हटलं, सामान बांधायला घे. ती म्हणाली, आधी अंडं तर दिसू द्या.

३ सप्टेंबर.
इंग्रजी पॅम्फ्लेट वाचलं. सगळं लिटरवर आहे, म्हणजे कोंबडीच्या अंथरुणावर. शेजारची देवकाबाई भिंतीवरून म्हणाली, तुरीचं कुटार टाका ना जी, माह्याकडं ढीगभर पडलं हाये. मळणीनंतर उरलेला भुसा, बैलांचं खाणं! विलायती कोंबडीला! हसू आलं, पण दाखवलं नाही.

५ सप्टेंबर.
गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडांची लढाई. ऑफिस बंद, सारं गाव नदीवर. मी आरा मशीनवरून आणलेला सागाचा भुसा चाळत बसलो. चाळणी स्वयंपाकघरातली. नवीन आणावी लागेल.

१२ सप्टेंबर.
कोंबड्या शिंकतात. मीही. अंडी शून्य. मी ऑफिसात गेलो की नलिनी त्यांना मोकळं सोडते. म्हणते, जीव गुदमरून राहिला त्यांचा. सोडू दे. प्रयोगालाही मधली सुटी हवी.

२० सप्टेंबर.
भुसा काढला. जाम नदीची वाळू, तीन पोती. स्वच्छ, थंड, सरकारी दिसते. सकाळी सहाही कोंबड्या एका पायावर उभ्या. देवकाबाई सांगायला आली, की बाबूजी, तुमच्या कोंबड्या दुपारच्याले... मला उशीर होत होता. या बाईच्या गोष्टी पोथीसारख्या, आरतीपर्यंत बसावं लागतं.

२८ सप्टेंबर.
नलिनी म्हणाली, अहो, एखाद्या दुपारी भिंतीपलीकडे पाहा तरी. मी सांगितलं, दुपारी मी सरकारचा असतो.

३० सप्टेंबर, रविवार.
दार बंद ठेवून निरीक्षण. स्टूल, वही, घड्याळ. आठ ते दोन: एकही अंडं नाही. सगळ्याजणी भिंतीकडच्या दारावर चोची मारत होत्या. शिस्तीची सुरुवात अशीच होते. दोनला जेवायला गेलो. मग डोळा लागला. उठलो तेव्हा नलिनीने दार उघडलं होतं.

७ ऑक्टोबर.
पॅम्फ्लेट म्हणतं, खुराड्यात एक अंडं ठेवावं, कोंबडीला प्रेरणा मिळते. देवकाबाईकडून आणलं. एक गोष्ट लक्षात आली: तिच्या गावरान कोंबड्या पूर्वी तांबूस अंडी द्यायच्या, हल्ली पांढरीशुभ्र देतात. आमच्या लेगहॉर्नच्या सहवासाचा परिणाम असावा. हा मुद्दा रिपोर्टात घेणार. ती पैसे घेईना. म्हणाली, तुमच्याच कोंबड्यायचं हाये जी. बळेच दिले. या बाईला शेजारधर्म कळतो.

१३ ऑक्टोबर.
उत्तर डोळ्यांसमोर होतं! आपण कापसाच्या मुलखातली माणसं. मुलगी सासरी जाते तेव्हा आपण गादी देतो, भुसा देत नाही. मग कोंबडीवरच अन्याय का? नलिनीची मोहगावची माहेरची गादी दिवाळीआधी पिंजायला काढलीच होती. पिंजाऱ्याला सांगून सगळी रुई खुराड्यात पसरली. ढगावर बसवल्यासारख्या दिसतात. नलिनी काही बोलली नाही. पटलं असावं.

१४ ऑक्टोबर, दसरा.
सतरंजीवर झोपलो. पाठ धरली आहे. नलिनी अजून बोलत नाही.

१८ ऑक्टोबर.
कोंबड्या रुई खातात. पॅम्फ्लेटात याची सूचना नाही, लेखकाला कळवीन. दोघींच्या गळ्याखाली लिंबाएवढा गोळा. मान टाकून बसल्या. खरं लिहायचं तर घाबरलो. नलिनीने देवकाबाईला हाक मारली. तिने तेल पाजलं, गळा चोळला, मांडीवर घेऊन बसली. तासाभराने गोळे सैल झाले. म्हणाली, रुई का खायाची चीज हाये का बाबूजी? दोघींना आठ दिवस तिच्याकडे ठेवायचं ठरलं. कुटारात. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी तिची, हे मी स्पष्ट केलं.

२५ ऑक्टोबर.
नलिनी दिवाळीला मोहगावला गेली. जाताना एवढंच म्हणाली, की तिथं निदान गादी आहे. घर फार रिकामं वाटतं. आजारी दोघी बऱ्या होऊन परत आल्या. दुपारी दार उघडायचं देवकाबाईने कबूल केलं आहे. रिपोर्ट पूर्ण: 'कुक्कुटशय्या: एक तौलनिक अभ्यास', चौदा पानं. तीनदा वाचला. ऐकायला कोणी नाही.

३० ऑक्टोबर.
उद्या साहेब. देवकाबाईकडून बारा अंडी आणून खुराड्यात मांडली. याला फसवणूक म्हणता येणार नाही. प्रात्यक्षिकात नमुने ठेवतातच. ती नुसती हसली.

३१ ऑक्टोबर.
साहेब सकाळी येणार होते, मी ऑफिसात वाट पाहत बसलो, दुपारी दोनला आले. खुराडं पाहिलं. रुई पाहिली. अंडी पाहिली. मग विचारलं, कोंबड्या कुठं आहेत?
भिंतीपलीकडून आवाज आला.
साहेबांनी टाचा उंच करून पाहिलं, मग मीही पाहिलं. देवकाबाईच्या कुटाराच्या ढिगावर सहाही जणी ओळीनं बसल्या होत्या. एक उठली. खाली पांढरं अंडं. देवकाबाईने साहेबांना सांगितलं, की पहिल्या दिवसापासून इथंच देऊन राहिल्या जी, बाबूजीले किती डाव सांगतलं, थे आयकतच नाही. साहेबांनी ते अंडं एका हातात घेतलं, माझ्या खुराड्यातलं दुसऱ्या हातात. मग दोन्ही माझ्या हातात ठेवली. एक गरम होतं.

१ नोव्हेंबर.
झोपलो एका मध्य प्रदेशात, उठलो दुसऱ्यात. सतरंजी तीच.

४ नोव्हेंबर.
नलिनीचं पत्र. ती परवा येते आहे, आईकडून गादी घेऊन. गादी खुराड्यापासून लांब ठेवायची, याखाली दोन रेघा. चार वेळा वाचलं. फार बरं वाटलं.

८ नोव्हेंबर.
साहेबांची ऑर्डर आली, ३१ तारखेची सही. नागपूरच्या जागेबद्दल एक अक्षर नाही. पांढुर्णा ब्लॉकमध्ये कोंबडीपालनाचे धडे श्रीमती देवकाबाई देतील. त्यांना लिहिता येत नसल्यामुळे टिपणं मी घ्यावीत. कागदाची काटकसर करावी. सोबत चौदा पानं परत पाठवली आहेत, त्यांची मागची बाजू कोरी आहे.
आज सावरगावात पहिला धडा. देवकाबाई म्हणाली, लिवा बाबूजी: कोंबडी कुठं बसते थे पह्यले पाहाव, मंग तिच्याखाली काय टाकाचं थे ठरवाव.
लिहिलं.