बारा खंडी आंबा

६ जुलै १९८६, रविवार
घरातले झाडाचं वजन मला शिकवायला निघालेत! मला! तिकडे कुडाळला माझे बाबा लाकडासाठी उभी झाडं उक्ती घ्यायचे. बुंध्याला कव घालायची, वर बघायचं आणि वजन किती खंडी ते सांगायचं. मी त्यांच्या पाठी असायचे. ती विद्या माझ्या हातांत आहे.
श्री. आधी लिहायचं राहिलं, तेही ह्या मंडळींमुळेच.
भांडण असं. चाळीमागच्या आंब्याची जाड फांदी सुनेच्या पत्र्याच्या शेडवर आलीय. मालन तिथे डब्यांचा स्वयंपाक करते. म्हणते, फांदी जड आहे, तोडा, भीती वाटते. पोळ्या लाटायचा कंटाळा, दुसरं काय.

८ जुलै, मंगळवार
वरच्या मजल्यावरची अनुपमा आली. कॉलेजात झाडं शिकवते. छातीएवढ्या उंचीवर टेप लावला, लांब उभी राहून काठीने उंची काढली, लाकडाचा जडपणा पुस्तकातून घेतला. ओलं वजन अडीच टन. त्यातलं पाणी वजा केलं की उरल्याच्या निम्मा कार्बन, म्हणे झाडाने हवेतून ओढून साठवलेला. कोळसा म्हण ना सरळ, मी म्हटलं. हसली.
अडीच टन म्हणजे दहा खंडी. मी कव घालून बारा म्हटलं होतं. नुसत्या हातांनी इतकं जवळचं मुलुंडात कोणी सांगेल?
मग म्हणाली, आजी, झाड भरीव असेल तरच हा हिशेब. आतलं टेपला कळत नाही. ठोकून बघा, तोवर फांदी उतरवू, माणसं मी आणते.
भरीव आहे, मी म्हटलं. विषय संपला.

९ जुलै
सगळे कामाला गेल्यावर वरवंट्याने ठोकलं. डबडब वाजलं. पावसात लाकूड पाणी पितं, असंच वाजतं. कोणाला सांगितलं नाही. उगाच घाबरतात.

१३ जुलै, रविवार
फांदी तोडणारे आले. मी बुंध्याला पाठ लावून बसले. माझा जयवंत बायकोच्या बाजूने. आये, ऊठ गं, कोणाची तरी वाट लागेल, म्हणाला. मी म्हटलं, बाबांनी कधी पोकळ झाड घेतलं नाही. तर म्हणतो, आजोबा त्याच धंद्यात बुडाले, म्हणून तू मुंबईत आलीस ना? खोटं. ते भागीदारामुळे.
माणसं चहा पिऊन गेली. जिंकले. मालन आत भांडी आपटत होती. आपटू दे.

१७ जुलै, गुरुवार
दुपारी वारा सुटला. आंबा पडला. फांदी नाही, अख्खं झाड. शेड चपटी. मालन आत होती. हात दोन जागी मोडला.

१८ जुलै
बुंधा आतून रिकामा. ओला भुसा आणि मुंग्या. अनुपमा म्हणाली, माझा आकडा चुकला, निम्मं वजनसुद्धा नव्हतं. वजन नव्हतं तर शेड कशी चपटी झाली? पुस्तकात बघ म्हणावं.
वारा वाईट होता. वाऱ्याचं कोणी बोलत नाही.

२० जुलै, रविवार
मालन घरी आली. हात प्लास्टरमध्ये. पोळ्या मी केल्या. कोणी नावं ठेवली नाहीत. जयवंत ताट उचलून मालनपाशी जाऊन बसला.
खाटेपाशी जाऊन विचारलं, दुखतंय का गं. ती भिंतीकडे वळली. जयवंत मध्येच म्हणतो, दुखणारच ना, आये.
तुला विचारलं का रे? तोंडाला प्लास्टर नाही तिच्या. उद्या परत विचारणार आहे. जयवंतने गप्प बसायचं. मालननेच उत्तर द्यायचं.