सोपटाचा खोपा

दिल्ली

तीर्थरूप आबांना नूतनचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. काल फॅशन शोमध्ये अकरा मुलींना जुन्या चित्रांतले खोपे घातले. दिवसभर उभी होते, पाय सुजलेत. आईला सांगू नका.

स्प्रे, पिना लावूनही खोपे ढळत होते. शेवटी घरून आलेल्या बिबड्या-पापडांच्या पार्सलला बांधलेलं केळीच्या खांबाचं वाळकं सोपट भिजवलं, उभं चिरून बारीक दोऱ्या केल्या आणि त्यांनीच खोपे आवळले. एकही हलला नाही.

गुडघा कसा आहे? केळीची बाग कापणीला आली का?

मी दिल्लीला निघाले तेव्हा "लोकायचे केस इचराले चालली का?" म्हणालात, तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. आणखी सोपट पाठवाल? सोबत चिठ्ठी नसली तरी चालेल. पार्सलवर नाव आईचं होतं, गाठ मात्र तुमची. मी ती कापली नाही, सोडवली.

तुमची,
नूतन