मंडईचं छप्पर

९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही नमस्कार आणि चिमणीला एक पापा. तुझ्या गुडघ्याचं कळलं. डॉक्टरांनी एका आर्किटेक्टला जिने चढायची बंदी करावी, म्हणजे कमालच आहे. आमचं ठीक. आईचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, जीभ नाही.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू विषय बदलतोस आणि मी तो बदलू देते. म्हणून पत्र.

माझं पुस्तक, म्हणजे आपल्या शहराच्या इमारतींचा इतिहास, शेवटच्या टप्प्यात आलंय. सध्या रोज पालिकेच्या नकाशांच्या दफ्तरात बसते. तळघरातली खोली, पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळलेले जुने नकाशे. उलगडले की परत आपसूक गुंडाळतात, रुसलेल्या मुलासारखे, म्हणून चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवावी लागतात. टाउन हॉलचा मनोरा कागदावर चांगला उंच आहे हे तुला माहीत होतं? वरचा टप्पा बांधायचाच राहिला. आपण ज्याला बुटका म्हणून हसायचो, तो बिचारा अर्धवट आहे. शहर जसं आहे त्याहून जसं होणार होतं, तेच मला तिथे जास्त भेटतं.

मंडईचं प्रकरण मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. का, ते तुला वेगळं सांगायला नको. शाळेत तुला ‘गळकं छप्पर’ म्हणायचे ते मी विसरलेले नाही. बाबांनी शाळा बांधली, दवाखाना बांधला, पण शहरानं लक्षात ठेवली ती पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहणारी मंडई. पुढे तू तुझ्या ऑफिसच्या पाटीवरून आपलं आडनाव काढलंस, तेही मी समजू शकते. ते तू बाबांना ज्या शब्दांत सांगितलंस, ते मात्र अजून कानात आहेत. बाबा काय म्हणाले होते आठवतं? “जेवून जाणार ना?” इतकंच. तू गेलास तो गेलासच. ते वारले तेव्हा आलास आणि उभ्या उभ्या परतलास.

असो. मूळ मुद्द्यावर येते. येत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

मंडईचे नकाशे फार पुसट झालेत. आई पूर्वी बाबांच्या कामाला हातभार लावायची, तिला अक्षर लागेल, म्हणून तिला सोबत नेलं. नकाशा पसरला. ती चष्मा शोधत पर्समध्ये हात घालून बसली होती, आणि वर न बघताच म्हणाली, “पन्हळीची रुंदी बघ, खाली डाव्या कोपऱ्यात. दुप्पट हवी होती.”

“तुला काय माहीत?”

“मीच काढलीय.”

“म्हणजे ट्रेसिंग केलंस ना?”

“ट्रेसिंग नाही गं. काढली. छप्पर, खांब, गाळे, सगळं माझं. हे तेव्हा शाळेच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. म्हणाले, मंडई तू कर. केली. परवाना यांचा, म्हणून सही यांची.”

तिनं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं, तू होणार होतास म्हणून. परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दादा, तिनं सबबी सांगितल्या नाहीत. दोन उतारांमधल्या पन्हळीत शेजारच्या झाडांचा पाला साचेल, पाणी मागे फिरेल आणि गाळ्यांत उतरेल, हे सुचलंच नाही, म्हणाली. चूक तिचीच.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. हे म्हणाले, एका घरात एकानं बोलणी खाल्ली तेवढी पुरे.”

“आणि दादा त्यांना बोलला तेव्हा?”

तिनं नकाशाची कड बोटानं सरळ केली. “तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.”

“ऐकू येत होतं ना?”

“येत होतं.”

मी नकाशा गुंडाळला. घरी येईपर्यंत बोलले नाही, पुढेही बरेच दिवस नाही. एका छताखाली राहून मुक्यानं चहा पिणं काय असतं, विचारू नकोस. शेवटी तीच म्हणाली, “मंडई पाडताहेत ना? एकदा घेऊन चल.”

गेलो. निम्मे गाळे रिकामे झालेत. कांदे-बटाटेवाल्या एक मावशी पोती बांधत होत्या. आई मान वर करून छप्पर बघतेय म्हटल्यावर त्या सुरूच झाल्या. “बघा बघा, दरसाल माझा अर्धा माल कुजवलाय यानं. बांधणाऱ्याला चार पावसाळे इथे उभं करायला हवं होतं!”

मी आईचा दंड धरला. तिनं तो सोडवला.

“मीच बांधली,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

मावशी थक्क. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला शिव्या दिल्या?”

“हो,” आई म्हणाली. आणि तिथेच, पोत्यांच्या मधे, ती रडली. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. मावशींनी पोतं बाजूला सारून तिला बसायला जागा केली. “बाई, उजेड मात्र छान पडायचा हो,” म्हणाल्या. समजूत म्हणून की खरंच, कोण जाणे. मी वर पाहिलं. उजेड खरंच छान होता.

परतताना आईनं मला बजावलं. पुस्तकात मंडईपुढे तिचं नाव हवं. मी म्हटलं, लोक तुला नावं ठेवतील. तर म्हणाली, “चांगली झाली असती तर हौसेनं नाव लावलं असतंस ना? मग वाईट झाली तरी लाव. यांचं नाव तेवढं मोकळं कर.” मी लावलंय.

तुला हे कळवायचं कामही ती माझ्यावर टाकत होती. मी साफ नाही म्हटलं, तूच जाऊन सांग म्हटलं. नंतर विचार केला, एकदम तोंडावर ऐकून तू पुन्हा दार ओढून निघून जाशील. म्हणून तुझा पहिला संताप या कागदावर निघू दे. मीही तिच्यावर चिडलेली आहे, अजून. पण तिच्या पाठीत वाक आलाय आणि बाबांशी बोलायची संधी आपल्या हातून गेलीच आहे.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडे येतेय. एकटीच. मी इथून बसवून देते. तिच्यावर रागव, तुझा हक्क आहे. तिला जाब विचार. फक्त स्टेशनवर जा, आणि आधी तिच्या हातातली पिशवी घे.

तुझी नि आईची, आणि बाबांना धरून तिघांची,
धाकटी