अकरा नंबरचा ग्लास

पुणे, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,
दिशाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते आहे. दिवाळीत तुम्ही म्हणालात, गुळव्याची पोर बिअर चाखून पोट भरते, हे गावात कुठल्या तोंडानं सांगू? आप्पा, मी पीत नाही हो, चाखते. घोटभर तोंडात घोळवते, हुंगते, गुणदोष लिहिते. वासावरून उसाचा पाक ओळखायला मला गुऱ्हाळात काहिलीजवळ बसवून तुम्हीच शिकवलंत, तेव्हा खोड तुमचीच लागली आहे.

परवा इथं छोट्या कारखान्यांच्या बिअरची स्पर्धा झाली. मी परीक्षक होते. ग्लासावर नुसता नंबर असतो, बनवणाऱ्याचं नाव नसतं. अकरा नंबरला गुळाची बिअर होती. रंग झकास, फेस दाट, पण नाकाजवळ नेली आणि करपट वास आला. मी बिनधास्त लिहिलं की पाक काहिलीला लागलाय, गुळव्याचं लक्ष नव्हतं. निकालानंतर ती बनवणारी निकिता भेटली. गूळ कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली, देवळाली प्रवऱ्याचा, आप्पासाहेबांच्या गुऱ्हाळातला.

रागवा हवं तर, पण यंदाच्या ढेपा एकदा कुणाला तरी दाखवा.

राग ओसरला की दोन ओळी पाठवा, आणि ओसरला नाही तरी पाठवा.

तुमची
दिशा

देवळाली प्रवरा, २३ जानेवारी २०२५

चि. दिशा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून डोकं लई फिरलं. चाळीस वर्सं गुळव्या हाय मी, आन् लक्ष नव्हतं म्हणे. पत्र फाडणारच हुतो, तुझ्या आईनं हिसकावून घेतलं.

मग आपला गूळ उचलणाऱ्या जैनुद्दीनशेठला ढेप फोडून दिली आन् खरं सांगा म्हणलं. ते खाली बघाया लागले. म्हणाले, करपट लागतोय, दिवाळीपासनंच. चुलवाणात जाळ घालणाऱ्या बिभीषणाला विचारलं, तर त्यालाबी ठाव. गुऱ्हाळात गुळव्याच्या शब्दावर कुणी बोलायचं न्हाई, ही आपली रीत. म्हणून सगळे गप.

आता तुला सांगतो, आईलाबी कालच सांगितलं. श्रावणात ताप आला हुता, तवापासनं मला वास येत न्हाई. फोडणीचा न्हाई, पाकाचा न्हाई. नुसत्या नजरेनं काहील उतरवीत हुतो. लई लाज वाटायची पोरी. तुझ्यावर दिवाळीत ओरडलो, त्यात तीबी चीड हुती. तुला अजून सगळं कळतं आन् मला न्हाई, असं वाटलं. चुकलं माझं.

आई नगरच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणती. जाईन.

पुढच्या रविवारी काहील चढवतोय. तू ये. पूर्वीच्याच जागी बस आन् पाक हुंग. गावात कुणी विचारलं तर सांगीन, परीक्षक हाय माझी लेक. ग्लासावर बापाचं नाव नव्हतं, म्हणून तू तरी खरं बोललीस.

आईचा तुला आशीर्वाद. आमच्यावरची माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझा
आप्पा

ता. क. निकिताला सांग, पुढची ढेप चांगली देतो. तिची एक बाटली आण. वास कळायचा न्हाई, पण फेस तरी बघीन. आन् उशीर करू नको, तू हो म्हणल्याबिगर काहील उतरणार न्हाई.