थोरलीची काठी, धाकट्याची पकड

मी, ज्याला या गल्लीत सगळे मास्तर म्हणतात, डोकं ताळ्यावर असताना, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. वारसांपैकी कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे. उद्या मला कोर्टात साक्ष द्यायची आहे, आणि ज्याच्याविरुद्ध द्यायची तो जामिनावर सुटला आहे. काल तो समोरच्या फुटपाथवर उभा राहून आमच्या दाराकडे बघत होता.

१. राहतं घर मुलगी आणि मुलगा, दोघांना समान. मध्ये भिंत घालू नये.

२. स्वसंरक्षणाच्या क्लासच्या हॉलवरून दोघांचं फाटलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. थोरली माझी पारंपरिक शैली शिकवते: ठरलेले पवित्रे, ठरलेला क्रम, काठी, आणि समोरच्याकडे शस्त्र आहे असं धरून राखलेलं अंतर. धाकटा फ्रीस्टाइलवाला. कुठला ठोसा, कुठली पकड, जे चालेल ते उचलायचं आणि खरोखर झुंजणाऱ्यावर रोज तपासायचं.

"ताई, तुझा शत्रू तू सांगशील तसाच हल्ला करतो," तो म्हणायचा.

"आणि तुझा शत्रू पंचाची शिट्टी वाजली की थांबतो," ती म्हणायची.

शेवटी त्याने वेगळा क्लास काढला.

३. आमची एक विद्यार्थिनी, पेशाने नर्स, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून आली होती. एका संध्याकाळी नवरा सुरा घेऊन हॉलमध्ये घुसला. धाकटा आपल्या मॅट न्यायला आला होता. रिंगणात जातात तसा तो सरळ अंगावर गेला आणि त्याने दंडावर वार खाल्ला. थोरलीने काठीने त्या माणसाचं मनगट फोडलं, सुरा पडला. आमच्या क्रमात सुरा पडला की वाकून नमस्कार होतो आणि धडा संपतो. तो माणूस थांबला नाही. त्याने तिला खाली पाडून गळा आवळला. जमिनीवरची झटापट आमच्या शैलीत नाहीच. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा धाकट्याने रक्ताळल्या हाताने त्याला मागून विळखा घातला आणि पोलीस येईपर्यंत सोडला नाही.

नंतर दोघंही आपापला अर्धाच भाग सांगत राहिली. मी दारात होतो. मी सगळं पाहिलं.

४. म्हणून हॉल दोघांचा, वाटणी न करता. जो एकट्यासाठी मागेल त्याचा हिस्सा नर्सकडे जाईल. तिला विचारलं, तर म्हणाली, "मास्तर, हॉल नको. दोघांनाही मला शिकवायला सांगा."

५. 'आपल्याला काय करायचंय, साक्ष देऊ नका' असं सांगणाऱ्या माझ्या मेहुण्याला माझी आरामखुर्ची. त्याला बसून राहायला आवडतं.

६. आज सकाळी मुलं माझ्यासमोरच भांडली. उद्या कोर्टाच्या पायऱ्यांवर नर्सचा नवरा आला तर बाबांच्या पुढे कोण, मागे कोण? माझा चहा निवला. मग थोरली एकदम म्हणाली, "ते राहू दे. गळा धरल्यावर खालून सुटायचं कसं, ते आधी दाखव."

धाकट्याने बाहेर हॉलमध्ये मॅट अंथरली. हे लिहीत असताना बाहेरून धपाधप आवाज येत आहेत.

सही: मास्तर

आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. डॉक्टर (धाकट्याचे टाके मीच घातले) २. शेजारचे शिंपी

स्थळ: हॉलमागची खोली
दिनांक: साक्षीचा आदला दिवस, रविवार