ठकीच्या ओठासाठी नानकटाई

१५ नोव्हेंबर १९५९, रविवार. माले

पहिला घाणा जळला! खालून कोळसा, वरून कच्चा. शेगडीवर पातेलं, पातेल्यात वाळू, झाकणावर निखारे — ट्रेनिंगला असताना मावशीकडे किती वेळा केलंय. आज खालचा जाळच जास्त झाला.

दुसरा बरा निघाला. पौडहून पोस्टमास्तरांच्या लीलाबाई आल्या, आमच्या शाळेतल्या रंभाबाई, आणखी चौघी. चहाबरोबर नानकटाई खायची, घरी न्यायची, आणि जाताना डब्यात जमेल ते टाकायचं. कुणी काय टाकलं ते दिसू नये म्हणून मी शेगडीकडे तोंड करून बसले.

सगळं ठकीसाठी. पहिलीत आहे. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. वर्गात सदा तोंडावर हात. बाप बिरू मेंढरं राखतो. दिवाळीआधी मुलं तपासायला डॉक्टर आले होते. म्हणाले, "हा ओठ शिवता येतो. पुण्याला आणा." ऑपरेशन फुकट होईल, पण जाणं-येणं, तिथलं राहणं, दूध, औषध? बिरू रिकामा खिसा चाचपत उभा. मी बोलून बसले — "ते मी बघते."

२२ नोव्हेंबर, रविवार

आज तीन घाणे. सगळे संपले. लीलाबाई पुढच्या रविवारी आपल्या दोघी मैत्रिणींना आणणार.

रत्नाबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. गावातलं मोठं घर, मोठी शेती. आल्या. दारातच उभ्या राहिल्या. नानकटाईला हात लावला नाही.

"पोर पोटात आसताना गरणात आईनं इळी धरली आसंल, म्हून ओठ चिरला. देवानं दिलंय ते शिवाया तुमी कोन?"

सगळ्यांसमोर! लीलाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. मी निखारे सारखे करत बसले. उत्तरं आत्ता दहा सुचतायत.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

ठकीची आई अंबाबाई शाळेत आली. डोळे लाल.

"रत्नाबाय म्हनत्यात, भूल दिल्याली पोरं उठत न्हाईत. तुजी पोरगी गेली तर मास्तरीनबाईचं काय जातंय, म्हनत्यात."

मी समजूत घातली. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि गेली.

तेव्हापासून तेच डोक्यात. खरंच, माझं काय जाईल? माझी बदली होईल, मी दुसऱ्या गावी शिकवीन. रत्नाबाईंचा राग आला, तो त्या खोटं बोलल्या म्हणून नव्हे.

२९ नोव्हेंबर, रविवार

वेलदोडा घालायलाच विसरले. कुणी बोललं नाही. डबा जड झालाय. आता "नको" म्हणायची सोयच राहिली नाही!

३ डिसेंबर, गुरुवार

बिरूकडे गेले. तो काठीला टेकून उभा, ठकी कोकराशी खेळत होती. सरळ सांगितलं — धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर डबा उघडून ठेवीन, ज्याने त्याने आपलं परत न्यावं.

कळपातून फुटलेलं एक मेंढरू त्याने काठीने आत वळवलं.

"उंद्या हिला नवरा कोन देनार, बाई? पानी पिती तर निम्मं नाकातनं येतंय. न्हेऊ. पर तुमी संगं ऱ्हायचं. आमाला तितलं काय कळत न्हाई. तुमी न्हाई, तर आमी बी न्हाई."

हो म्हटलं.

५ डिसेंबर, शनिवार

रजा मिळाली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, नसती उठाठेव." असेल.

७ डिसेंबर, सोमवार. पुणे

एस.टी.त ठकीला ओकाऱ्या. दवाखान्यात बिरूचा अंगठा घेतला. अंबाबाई माझा पदर सोडत नाही. उद्या सकाळी.

८ डिसेंबर, मंगळवार

साडेआठला आत नेली. जाताना रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. दार लागलं.

नऊ. साडेनऊ. बिरू भिंतीशी उकिडवा, फेटा काढून मांडीवर. सव्वादहाला एक नर्स धावत बाहेर आली, धावत परत आत गेली. अंबाबाई दाराकडे धावली, मी तिला धरून ठेवलं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहवत नाही.

पावणेअकरा. दार उघडलं. ठकी! तोंडावर पट्टी, डोळे मिटलेले, छाती वर-खाली होतेय. "उठेल तासाभरात," डॉक्टर म्हणाले. ती नर्स दुसऱ्याच रोग्यासाठी धावली होती!

एक तास दहा मिनिटांनी ठकी उठली. पाणी मागितलं. बिरू बाहेर जाऊन रडला.

१७ डिसेंबर, गुरुवार. माले

टाके काढून काल परत आलो. ओठावर लाल रेघ आहे, सूज आहे, पण ओठ एक आहे. टाळूही दुभंगलेली आहे, पाणी नाकात जातं ते त्यामुळे; तिचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. ठकी चिडलेली — भाकरी हवी, आणि देतायत पातळ पेज. सगळं गाव बघून गेलं. रत्नाबाई आल्या नाहीत. मला बरंच वाटलं. तोंड बघायची इच्छा नव्हती.

२० डिसेंबर, रविवार

भर दुपारी रत्नाबाई आल्या. मागच्या दाराने. पदराखाली काहीतरी धरलेलं. त्यांची लेक बाळंत झाल्यापासून पाच महिने माडीवरून खाली उतरलेली नाही, हे मला ठाऊक होतं. वाटायचं, नवऱ्याने टाकली असेल.

त्यांनी कडी लावली. पदर सारला. नातू. ओठ दुभंगलेला, ठकीपेक्षाही जास्त.

"पैका लई हाय, बाई," त्या म्हणाल्या. "धीर न्हाई. याल का संगं?"